चुलीतलं पाणी

सकाळी उठल्यावर बायडाबाईचा पहिला हात जायचा तो चुलीतल्या राखेत. रात्री निखारा राखेखाली पुरायचा, सकाळी तो बोटांनी चाचपून वर काढायचा आणि वाळक्या काटक्या ठेवून फुंकर घालायची, ही तिच्या सासूनं घालून दिलेली रीत. घरात गॅसची शेगडी होती, फळीवर काड्यापेटी होती. पण काडी ओढून चूल पेटवणारी बाई म्हणजे आळशी बाई, असं बायडाबाईचं मत होतं आणि तिच्या मतापुढं उंबरवाडीत कुणाचं फारसं चालत नसे. घरच्या धन्याचं तर नाहीच नाही.

वैशाखातल्या त्या सकाळी तिनं राखेत बोटं खुपसली आणि झटकन हात बाहेर काढला. भाजलं म्हणून नव्हे. राखेखाली गार पाणी होतं.

ओंजळभरच असेल. त्यात निखारा विझून काळा पडला होता.

"अनुजा, चुलीत पानी कुनी ओतलं गं?"

अनुजा तिची लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस भरत आले होते. नवरा शिरोली एमआयडीसीत भट्टीवर कामाला, तो रोज फोन करून "काय झालं का?" एवढंच विचारायचा. ती भिंतीला टेकून, सुजलेले पाय लांब करून बसली होती.

"मी कशाला ओततोय आये? मला वाकाय तरी येतंय का?"

तेवढ्यात ज्ञानू म्हशीची धार काढून आत आला. नवराबायकोच्या संसारात बोलायचं काम बायडाबाईनं घेतलं होतं आणि ऐकायचं ज्ञानूनं. त्यानं चुलीत डोकावलं, "पानी हाय," म्हणाला आणि दुधाची किटली खाली ठेवली.

"ते मलाबी दिसतंय."

बायडाबाईनं बोटं नाकाशी नेली. पाण्याला वास होता. कुजलेल्या पाल्याचा, वटवाघळांचा, ऊन कधी न शिवलेल्या मातीचा. असा वास उंबरवाडीत एकाच ठिकाणी यायचा आणि ते ठिकाण घरापासून चांगलं लांब, डोंगराच्या खांद्यावर होतं. तिनं डब्यानं पाणी उपसून परसात केळीच्या बुडाशी टाकलं, कोरडी राख पसरली आणि कधी नव्हे ती काडी ओढून चूल पेटवली.

शाहूवाडीच्या त्या अंगाला पाऊस असा पडतो, की चार महिने अंथरुणाला बुरशी येते. आणि शिमगा सरला की प्यायला पाणी नाही. असलं गाव देवानं अर्धवट झोपेत घडवलं असावं. डोंगर बोडका, पडलेलं पाणी घसरत ओढ्याला जायचं, ओढा ते नदीला नेऊन घालायचा आणि गावाला ठेवायचा तो चिखल. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी डोक्यावर हंडे वाहिले आणि पुरुषांनी पारावर बसून पावसाला शिव्या घातल्या.

शाबूत होती ती फक्त डोंगराच्या खांद्यावरची देवाची राई. झाडं एवढी दाट, की भर दुपारी आत संध्याकाळ असते. तिथली काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही, चप्पल घालून आत जायचं नाही, आणि विस्तव तर मुळीच नाही. सगळ्या देवांपुढं दिवा लागतो, राईतल्या आईपुढं लागत नाही. तिला उजेड खपत नाही म्हणतात. मूर्ती म्हणजे एक उभा काळा दगड आणि त्यावर कोरलेला एक हात, तोही डावा. तिला दुसरं नाव नाही. गणपत गुरव तिची पूजा अंधारात चाचपत करतो. त्याचा बाप आणि आजाही तशीच करायचे.

एका संस्थेची माणसं गावात येऊन पाणी कसं अडवायचं ते दाखवून गेली, तेव्हा बायडाबाई पदर खोचून पुढं झाली. उतारावर आडवे चर खणायचे, ओढ्यात दगडांचे बांध घालायचे, डोंगरावर कुऱ्हाड चालवायची नाही, गुरं सोडायची नाहीत. चर खणायला सगळं गाव आलं. बंदी पाळायला कुणी येईना. सह्या झाल्या, अंगठे उठले, आणि दुसऱ्या दिवशी शेरडं पुन्हा डोंगरावर. मग बायडाबाईच्या डोक्यातून निघालं, की अख्खा डोंगरच राईला जोडून टाकायचा. आईला कौल लावला, तो उजवा, म्हणजे होकाराचा आला आणि गाव ढोल वाजवत डोंगराभोवती हद्द फिरवून आलं. त्या दिवसापासून राईचे नियम डोंगराला लागू झाले. राईचं पाणी जिथं म्हणून वर येईल तिथं चुना दिलेल्या दगडांचं रिंगण घालायचं. रिंगणात शेण नाही, चप्पल नाही, खणणं नाही, विस्तव नाही. कागदाला न भिणारी माणसं आईला भ्यायली.

काही पावसाळे गेले आणि डोंगराच्या अंगातून झरे फुटू लागले. राईखाली टाकी बांधली गेली, गल्लीगल्लीत नळ आले, पाण्याच्या पाळ्या ठरल्या. लांबलांबची माणसं गाव बघायला येऊ लागली. पाणी समितीची अध्यक्ष म्हणून बायडाबाईला हार पडू लागले आणि खोटं कशाला बोला, ते तिला आवडतही होते.

गेल्या वर्षी एक झरा गुंडूच्या खोपटात फुटला. गुंडू एकटा माणूस, शेळ्या पाळायचा आणि शेळ्यांतच राहायचा. चुन्याचं घमेलं घेऊन बायडाबाई स्वतः तिथं गेली होती.

"बायडाक्का, एवढा पावसाळा तरी जाऊ दे की," तो म्हणाला होता.

"नियम म्हंजे नियम, गुंडू."

त्यानं आपल्या हातानं खोपट मोडलं, वासे खांद्यावर वाहून वर, हद्दीबाहेरच्या टेकाडावर नवं उभारलं. त्या पावसात त्याची दोन करडं गारठून मेली. त्यावर तो चकार शब्द बोलला नाही. बायडाबाईला त्याचं ते न बोलणं आवडलं नव्हतं, पण आपलं काही चुकलं असंही वाटलं नव्हतं.

आणि आता पाणी तिच्या चुलीत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाणी वाढलं आणि त्यात एक पान तरंगत होतं. अंजनीचं, काळपट हिरवं, ताजं. गावात अंजनीचं झाड नव्हतं. होती ती राईत.

ज्ञानूनं पान उचलून उलटंपालटं केलं. "समितीला सांगाय पाहिजे."

"समिती म्हंजे कोन? मीच न्हवं?"

"मग तुलाच सांगतो."

"आन चूल कुठं मांडू?" बायडाबाईचा आवाज चढला, मग बाहेरचा कानोसा घेऊन खाली आला. "चार दिसात बाळतीन घरात येनार. तिला शेक कशावर देऊ? पोराला पानी कशावर तापवू? पाऊस तोंडावर आलाय. या घराची माती कुनी तुडवलीय, इसरलास?"

"मीच तुडवलीय की. तुझ्याबरूबर."

"मग गप बस."

तो गप बसला. पण घर त्याच्याही जिवाचं होतं. लग्नानंतर कितीतरी वर्षं दोघं भावांच्या घरात एका कोपऱ्यात, दोरीवर लुगडं टाकून त्याच्या आडोशाला राहिली होती. अनुजा त्या लुगड्याआड जन्मली. मग दिवसभर दुसऱ्यांच्या रानात राबून संध्याकाळी या भिंती दोघांनी वीत वीत वर नेल्या होत्या. रिंगण घालायचं तर ते घराच्या भिंतींबाहेरून जाणार, हे बायडाबाईला न मोजताच कळत होतं. आजवर सगळी रिंगणं तिनंच तर आखली होती.

मग रोजची झुंज सुरू झाली. धूळवाफेवर भात पेरायचे दिवस, पण ज्ञानू पेरायचं सोडून ओढ्याकाठचा मुरूम घमेल्यानं वाहू लागला. कुणी विचारलं तर बायडाबाई सांगायची, "पोरगीसाठी मोरी बांधतोय." दार लोटून तो चुलीची जागा खणायचा, ती मुरूम आणि शाडू थापायची, मग धुमसानं दोघं आळीपाळीनं ठोकायची. धुमसाच्या दणक्यानं भांडी हलायची. ज्ञानूच्या तळहातांना फोड आले, तिची कंबर धरली. संध्याकाळी जमीन दगडासारखी व्हायची आणि सकाळी राखेत पुन्हा पाणी.

तिनं चूल पडवीत हलवली. तिथं तीन दगड मांडून भाकरी भाजल्या. दुसऱ्या दिवशी जुन्या जागेवरची जमीन खडखडीत वाळली होती आणि पडवीतल्या राखेत पाणी डोलत होतं. मग तिनं गोठ्याच्या बाजूला चूल मांडली. तिथल्या राखेतून सकाळी एक खेकडा बाहेर आला, पांढराफटक, डोळ्यांच्या जागी नुसते ठिपके. तो नांग्या वर करून तिच्याकडं चालत आला. म्हशीनं दावं ताणून ताणून मान सोलून घेतली होती. ती त्या जागेकडं पाठ करून उभी होती आणि रेडकालाही तिकडं बघू देत नव्हती.

"गॅस लाव," ज्ञानू म्हणाला.

गॅस लावला. कट्ट्यावरची निळी ज्योत काही वेळ सरळ जळली, मग एकदम आडवी झाली. वारा नव्हता. शेगडीखालच्या फरशीच्या सांध्यातून पाणी वर येत होतं, हळू, आवाज न करता. बायडाबाईनं बटण फिरवलं. विस्तव विझताच पाणी जिथल्या तिथं थांबलं.

ज्ञानूनं सिलिंडरची चावीही बंद केली.

दुपारी अनुजा जमिनीवर चटई टाकून कुशीवर पडायची. एकदा बायडाबाई परसातून आली तर अनुजानं चटई बाजूला सारून चुलीच्या मूळ जागेवर कान थेट जमिनीला लावला होता. डोळे मिटलेले, चेहरा अगदी शांत.

"काय करायलीस गं?"

"आये, खाली कोन बोलतंय?"

"पोटुशी बाई तू, काईबाई ऐकू येतंय तुला. उठ तिथनं."

"बाईमानूस हाय कोनतरी. सारकं एकच इचारतीया." अनुजा हसली. "पोरगी झोपली का, म्हंतीया."

बायडाबाईनं लेकीला दंडाला धरून उठवलं, बाजेवर बसवलं आणि चुलीच्या मूळ जागेवर जातं ओढून आणून ठेवलं. जातं सासूचं, एकट्या माणसाला न उचलणारं. ज्ञानूला बोलावून दोघांनी ते ढकलत नेलं. आता बघू कसं वर येतंय, असं ती मोठ्यानं म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

सकाळी जातं नव्हतं.

खड्डा नव्हता, चीर नव्हती. जात्याच्या जागी जमीन सपाट होती आणि नुकती सारवल्यासारखी ओली दिसत होती. शेणाच्या अर्धगोल रेघा एकीला एक लागून नेटक्या उमटल्या होत्या. बायडाबाईनं वाकून आपला हात त्या रेघांवर धरून बघितला. तिचा हात डावीकडून उजवीकडं फिरायचा. या रेघा उलट्या होत्या. कुणीतरी डाव्या हातानं सारवलं होतं.

तिला ओरडावंसं वाटलं. पण बाजेवर लेक झोपली होती. तिनं त्या रेघांवर चटई पसरली आणि भाकरी थापायला घेतल्या, कोरड्या परातीत, चूल न पेटवताच. बराच वेळ ती पीठ मळत राहिली. भीतीपेक्षा तिला राग जास्त आला होता. एवढा डोंगर तुला दिला, तिला राईतल्या आईला म्हणायचं होतं, माझी चूल तेवढी कशाला पाहिजे?

इकडं गावात निराळाच गलका सुरू झाला. राईखालची टाकी भरेना. आधी वरच्या गल्लीचे नळ कोरडे पडले, मग मधल्या. राईतल्या झऱ्याची धार करंगळीएवढी झाली. तीन उन्हाळे विसरलेले हंडे बायकांनी माळ्यावरून खाली काढले आणि त्यांचा आवाज ऐकून बायडाबाईला जेवण जाईना. तिच्या घरात विस्तव कुठंही पेटवला तरी सकाळी डबे डबे उपसावं लागत होतं, आणि ते पाणी केळी पीत होत्या. केळींनी अवकाळी घड टाकला होता.

आपण गावाचं पाणी चोरतोय हे तिला कळत होतं. पोरगी एकदा मोकळी होऊ दे, मग सांगते, असं ती रोज स्वतःला समजावत होती.

समितीचं लिहिण्यावाचण्याचं काम धैर्यशील बघायचा, शिकलेला, उमदा पोरगा. तो एका सकाळी ओट्यापाशी आला. आत येऊ नये म्हणून बायडाबाई उंबऱ्यातच उभी राहिली.

"अक्का, लोकं म्हणत्यात गुंडूनं पान्याची शीर तोडली."

"गुंडूनं?"

"त्येचं नवं खोपाट वरच्या अंगाला हाय. खोपाट मोडाय लावलं म्हणून डूख धरला आसंल. खणलं आसंल काईतरी. त्येच्या पान्याची पाळी बंद केलीया परवापासनं. दुपारी राईत कौल लावायचाय. तुम्हीच अध्यक्ष, तुम्हालाच इचाराय लागंल."

"शेरडं काय पित्यात त्येची?"

"ओढ्याला नेतोय म्हणं. लांब हाय. एक मेलं काल."

तो गेल्यावर बायडाबाई उंबऱ्यावर बसली. आतून ज्ञानू आला आणि तिच्याजवळ उभा राहिला.

"सांगतीस का मी सांगू?" तो म्हणाला. उभ्या आयुष्यात त्यानं तिला असं पहिल्यांदा विचारलं असेल.

"पोरीचं होऊ दे."

"गुंडूला गावाभाईर काढतील."

"न्हाय काढत. कौल डावा यील की. त्येनं केलंच न्हाय तर उजवा कसा यील?"

ज्ञानूनं तिच्याकडं बघितलं आणि मान फिरवली. त्या मान फिरवण्यानं तिला जेवढं लागलं तेवढं कुठल्या शिवीनं लागलं नसतं.

दुपारी ती राईत गेली. वाट उन्हानं तापून फुफाटा झाली होती, पावलागणिक धूळ उडत होती. राईच्या तोंडाशी चपला काढून सगळे आतल्या अंधारात शिरले. आत गारवा होता. पण नेहमीची धारेची झुळझुळ नव्हती, आणि ती नसल्यामुळं माणसं एकमेकांचा श्वास ऐकत उभी होती. गुंडू पुढं एकटाच उभा होता, हात बांधून, अंगावर शेळ्यांचा वास. त्यानं बायडाबाईकडं बघितलं. त्याच्या नजरेत राग असता तर तिला सोपं गेलं असतं.

गणपत गुरवानं चाचपत दगडाच्या दोन्ही खांद्यांना दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या.

"इचार बायडे."

बायडाबाई पुढं झाली. "आये," ती म्हणाली, "गुंडूनं शीर तोडली आसंल तर उजवा दे. न्हायतर डावा."

सगळे बघत राहिले. पाकळी पडायला फार वेळ लागत नसतो. ओल सुकली की कुठली ना कुठली घसरतेच. पण त्या दिवशी दोन्ही पाकळ्या जिथल्या तिथं राहिल्या. वरच्या फांद्यांतली वटवाघळं एकेक करून हलायची थांबली. उभं राहून माणसांचे पाय दुखायला लागले तरी पाकळ्या तशाच.

गुरवानं बसकण मारली आणि हात खाली टेकला.

"हितं ओलं कशानं?" तो म्हणाला.

दगडापुढच्या कातळावर त्याचा हात सरकला, थांबला, पुन्हा सरकला. "पाऊल हाय," तो पुटपुटला. "हे दुसरं. हे आनिक एक." अंधारात डोळ्यांपेक्षा त्याच्या तळहाताला जास्त दिसायचं. म्हातारा गुडघ्यांवर रांगत, ओल्या ठशांमागून ठसा चाचपत येत होता. माणसं बाजूला सरून वाट देत होती. शेवटी त्याचा हात बायडाबाईच्या अंगठ्याला लागला आणि तिथं थांबला.

तिनं खाली बघितलं. एवढ्या धुळीतून, एवढ्या उन्हातून चालत आली होती ती, आणि तिचे पाय घोट्यापर्यंत निथळत होते. बोटांच्या बेचक्यात राख होती, ओली.

"बायडे," गुरव हळूच म्हणाला, "हे कुठलं पानी?"

सगळी राई कान देऊन होती. बायडाबाईला लेकीचं पोट आठवलं, पुढ्यातला पाऊस आठवला, दोरीवरचं लुगडं आठवलं. मग समोर गुंडू दिसला.

"पानी माज्या चुलीत हाय," ती म्हणाली. "कधीपास्नं हाय. मी दाबून ठेवलं. गुंडूनं काय केलेलं न्हाय."

डावी पाकळी पडली. एवढ्याशा पाकळीचा तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

धैर्यशीलच पुढं झाला. "अक्का, तुम्ही गावासाठी एवढं केलंय. घराचं तेवढं बघू की. पाइप टाकून पानी भाईर काढू. रिंगान जरा बारीक घालू. नियमात बसवू कसंतरी." दोघातिघांनी माना डोलावल्या. त्यांचं मन चांगलं होतं आणि त्यामुळंच बायडाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गुंडूच्या खोपटाला बारीक घातलतं का?" तिनं विचारलं.

धैर्यशील मागं सरकला.

ती गुंडूपुढं जाऊन उभी राहिली. "गुंडू, तुजी करडं... आन कालचं शेरडू..." उभ्या गावासमोर ती रडली.

गुंडू अवघडून गेला. "आता ते कशाला काढतीस, अक्का," तो म्हणाला. "पोरगी घरात हाय न्हवं? चल आधी."

ती सगळी घरी आली तेव्हा अनुजा कपड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती, जणू कुणी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. ज्ञानूनं म्हैस सोडून आंब्याला बांधली होती. दारातून आत बघितलं तर घरभर पाणी होतं, उंबऱ्याला टेकलेलं, स्वच्छ, निवांत. तळ दिसत होता. मातीचं घर, पण कुठं गढूळपणा नाही. तळाची सगळी जमीन, भिंतीपासून भिंतीपर्यंत, त्या उलट्या अर्धगोल रेघांनी सारवलेली होती.

गणपत गुरवानं हात जोडले. बायका मागं सरकल्या.

बायडाबाईनं चुन्याचं घमेलं मागवलं. दगड तिनं स्वतः मांडले, घराबाहेरून, गोठ्याला वळसा घालून, केळी आत घेऊन. ज्ञानू तिच्या मागून एकेका दगडाला चुना देत आला. रिंगण पुरं झालं तेव्हा उन्हं उतरली होती आणि राईखालच्या टाकीत पाणी पडत असल्याचं सांगत पोरं धावत आली.

"माजं खोपाट मोकळं करतो," गुंडू म्हणाला. "शेरडं भाईर बांधतो. पोरीला चढ जमंल न्हवं?"

अनुजा मलकापूरच्या दवाखान्यात बाळंत झाली आणि चौथ्या दिवशी मुलीला घेऊन गुंडूच्या खोपटात आली. टेकाडावर बायडाबाईनं नवी चूल घातली होती. तिथल्या पहिल्या सकाळी तिनं राखेत हात घातला. राख कोरडी होती, निखारा जिवंत होता. तिनं बाळंतिणीला शेक दिला, लेकराला न्हाऊ घातलं, आणि धुरानं डोळे चोळत बाहेर बसलेल्या गुंडूला पहिला चहा दिला.

मग पाऊस आला. घराच्या भिंती पहिल्या महिन्यात विरघळून बसल्या. दिवाळीपर्यंत छप्पर गेलं. उरली ती सागवानी चौकट, झऱ्याच्या काठावर एकटीच उभी. बायका अजून त्या उंबऱ्यावरच वाकून घागर भरतात, चौकटीच्या बाजूनं जायला कुणी धजत नाही. पाणी गोड आहे. यंदाच्या चैत्रात टाकी एकदाही रिकामी झाली नाही आणि समितीनं बायडाबाई-ज्ञानूला घर बांधायला गुंडूशेजारची जागा दिली. पाया खणून झालाय. तोवर एकाच खोपटात राहून गुंडू आणि ज्ञानू आता संध्याकाळी एकमेकांसमोर गप्प बसतात आणि दोघांनाही बरं वाटतं. दुपारी मात्र खाली झऱ्याकडं कुणी फिरकत नाही. त्या वेळी पाण्याच्या तळातून दळल्यासारखा आवाज येतो. घरघर, घरघर, संथ. दळणाचं गाणं म्हणावं तसं मधून काहीतरी ऐकू येतं, पण शब्द लागत नाहीत.

अनुजा वैशाखात लेकीला घेऊन चार दिवस राहायला आली. पोरगी रांगायला लागून पायावर उभी राहू बघत होती. दुपारची वेळ होती. खोपटात गारवा होता, अनुजा भिंतीला टेकून डुलकी काढत होती आणि बायडाबाई तांदूळ निवडत होती. पोरगी रांगत खोपटाच्या मधोमध आली, बसली आणि सावकाश कलंडून तिनं कान जमिनीला लावला. डोळे मिटले. मग खुदकन हसली, कुणीतरी ओळखीचं बोलल्यावर हसावं तशी.

बायडाबाईच्या हातातलं सूप कलंडलं. तिनं पोरीला उचललं नाही. ती उठून चुलीपाशी गेली आणि राखेत हात घातला. बोटं आत आत जात राहिली, राख गार लागत होती, आणखी आत गेली, तरी गारच. मग अगदी तळाशी निखारा चटकन बोटाला लागला आणि कातडी भाजली.

तिनं हात लगेच बाहेर काढला नाही.